बाबांचा खोळंबा

भुताखेतांच्या अनुभवांच्या ह्या धाग्यावर मी बरीच वर्षं नुसता वाचायला येतो. खरं सांगायचं तर हसायला यायचो. मृणाल, म्हणजे माझी बायको, जेवणानंतर ओटा आवरत असली की मी तिला फोनवरून मोठ्याने वाचून दाखवायचो — "ऐक, ह्यालाही घाटात बाई भेटली. ह्या घाटातल्या बायकांना दुसरी कामं नसतात का गं?" मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे कुणी 'अमुक बिघडलंय' म्हणालं की पहिला प्रश्न असतो, पुन्हा करून दाखव. दाखवता आलं नाही की त्या तक्रारीचं तिकीट बंद. आयुष्यातल्या सगळ्या गोष्टींना मी हाच नियम लावला... देव, भूत, शकुन, सगळ्यांना. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मला आता कशाचाच फारसा राग येत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहतो. टाऊनहाउस आहे, नदीपासून जवळ. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे नदीला समांतर एक जुना कालवा आहे. रेल्वेच्या आधीच्या काळात ह्यातून कोळशाच्या बोटी जायच्या, काठावरून खेचरं त्यांना ओढायची. ती खेचरांची वाट आता लोक चालायला, सायकल चालवायला वापरतात. ह्या वाटेवर थोडं आत गेलं की एक लॉक लागतं. बंद पडलेलं.

लॉक म्हणजे बोटीसाठी केलेली पाण्याची पायरी. कालव्याची एक बाजू उंच, एक सखल. मध्ये दगडी भिंतींची लांबट हौदासारखी जागा आणि तिला दोन्ही टोकांना दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाण्याची पातळी हवी तेवढी वरखाली होईपर्यंत बोटीने थांबायचं, मग पुढचं दार उघडायचं. आता तिथे दारं नाहीत. वरच्या टोकाला काँक्रीटची बुटकी भिंत आहे, तिच्यावरून पाणी हौदात पडतं आणि खालच्या उघड्या टोकातून निघून जातं. दिवसभर नळ सोडल्यासारखा आवाज येतो. हे सगळं मला बाबांमुळे माहीत, नाहीतर इतकी वर्षं मी त्या वाटेवरून कानात इयरफोन घालून पळत होतो.

आई-बाबा मे महिन्यात कराडहून आमच्याकडे आले. बाबा एसटीत डेपो मॅनेजर होते, रिटायर होऊन जमाना झाला तरी डेपो काही डोक्यातून गेला नव्हता. कुठे निघायचं असलं की अर्धा तास आधी बूट घालून दारात. आई आत केस विंचरतेय आणि बाबा बाहेरून, "चला, चला, गाडी लागलीये!" मॉलमध्ये रांग दिसली की अस्वस्थ. कुणाचा खोळंबा झालेला त्यांना बघवत नसे, स्वतःचा तर नाहीच.

लॉक बघून मात्र बाबा खूश झाले होते. पहिल्याच दिवशी माझी मुलगी इरा हिला हातवारे करून समजावलं, "हा म्हणजे डेपोच बघ. गाडी आत घेतली, गेट लावलं, टाइम झाला की सोडली." इराला मराठी समजतं थोडंफार, बोलता फारसं येत नाही. ती म्हणाली, "सो, लाइक, अ बस स्टॉप फॉर बोट्स?" बाबांना एवढं इंग्लिश पुरलं. नंतर रोज सकाळी ते पायी पूल ओलांडून तिथे जायचे आणि हौदाच्या कडेच्या दगडावर बसायचे.

सप्टेंबरमध्ये बाबा गेले. सकाळी फिरून आले, चहा घेतला, सोफ्यावर बसले आणि गेले. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं, पण ते सगळं नावाला. आई शेजारीच मेथी निवडत बसली होती. तिला वाटलं डुलकी लागली.

बॉडी भारतात न्यायची का, हा प्रश्न आला. आईनेच सांगितलं, इथेच करा, ह्यांना तेवढ्या लांब पेटीत घालून नेऊ नका. मग इथे दहन झालं. राख एका प्लास्टिकच्या डब्यात मिळाली, वर बाबांच्या नावाचं छापील लेबल. आईने ठरवलं की अर्धं इथल्या पाण्यात सोडायचं आणि अर्धं ती परत जाताना कृष्णा-कोयनेच्या संगमावर न्यायचं. "इथं गेले ना, मग इथल्या पाण्यालाही थोडं द्यावं लागतं," म्हणाली. असं काही शास्त्र आहे का, मला ठाऊक नाही.

विसर्जन नदीत करायचं होतं. पण आदल्या दोन दिवसांत वादळी पाऊस झाला होता. नदी गढूळ, दुथडी, काठावर घोट्याएवढा चिखल. आईचे गुडघे दुखायचे. मृणालच म्हणाली, लॉकवर जाऊया, तिथे बसायला दगड आहेत, बाबांची आवडती जागा आहे. कराडचे गुरुजी व्हॉट्सॲपवर होते. त्यांनी विचारलं, "पाणी वाहतं आहे ना हो? साचलेलं नको." मी कॅमेरा त्या पडणाऱ्या पाण्याकडे फिरवला. गुरुजी म्हणाले, "वा! हा तर धबधबाच आहे. चालेल, चालेल." परवानगी वगैरे आम्ही कुणाला विचारली नाही. कुणी बघत नाही ना एवढं पाहिलं, राख सोडली, जवळच्या एडिसन गावातल्या देशी दुकानातून आणलेली झेंडूची फुलं सोडली, नमस्कार केला आणि मागे न बघता गाडीपर्यंत आलो.

नदी, कालवा, त्यात कुठे कुठे किती मैल वाहतं पाणी... आणि आम्ही नेमकी ती जागा निवडली जी येणाऱ्याला थांबवून ठेवायला बांधलेली होती. तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. गुरुजींच्या तरी कुठून येणार?

आईचं परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या शेवटचं होतं. मी म्हटलं, तोवर राहा, बरं वाटेल. ती बाबांसारखीच सकाळी फिरायला जायला लागली. आम्हाला बरंच वाटलं, निदान घराबाहेर पडते. एक दिवस आल्या आल्या चपला काढत म्हणाली, "नितीन, फुलं अजून तिथंच आहेत रे."

"कुठली फुलं?"

"आपण सोडलेली. झेंडूची."

मी म्हटलं असतील, पाण्यात भोवरा असेल, अडकली असतील कुठे. ती म्हणाली, "अडकली नाहीत. नुसती उभी आहेत. आणि ताजी आहेत." आता ह्याला दोन आठवडे होऊन गेले होते.

शनिवारी मी गेलो. होती फुलं. हौदाच्या मध्यावर, चार-पाच एकत्र, पिवळीधमक. पाणी त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत होतं, मेपलची पडलेली पानं भराभर पुढे जात होती. मी एक काटकी टाकली, गेली. सफरचंदाचा गाभा टाकला, तोही गेला. फुलं जागची हलत नव्हती. मी तिथेच उभा राहून स्वतःला समजावलं की प्रवाहात अशा जागा असतात, बारके भोवरे असतात, मी काही हायड्रॉलिक्सवाला नाही. ताजेपणाचं काय, ते मी विचारातच घेतलं नाही. थंड पाणी, अमेरिकन झेंडू, काहीतरी फवारत असतील... माणसाला स्वतःला गप्प करायला काहीही पुरतं.

मग आई बोलायला लागली. म्हणजे आमच्याशी नाही, आमच्याशी ती कमीच बोलायची. एकदा जेवताना सहज म्हणाली, "हे फार कंटाळलेत तिथं. रोज विचारतात, कधी सुटायचं." मृणालचा हात वरणाच्या डावासकट थांबला. मी आईला म्हटलं, "आई, असं काही नसतं गं." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे असं नसतं ते," आणि भात कालवायला लागली.

आमच्या ओळखीच्या शैलाकाकू आहेत, रिटायर्ड डॉक्टर. आमचा जन्म व्हायच्या आधी इकडे आलेल्या, अर्ध्या न्यू जर्सीच्या मराठी पोरांची आजारपणं काढलेल्या. त्यांना घरी बोलावलं. त्या आईशी तासभर बोलल्या, मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, चव्वेचाळीस वर्षांचा संसार. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं अगदी कॉमन आहे. वेड नाही, काही नाही. माझे मिस्टर गेले तेव्हा मी सहा महिने गॅरेजचं दार उघडल्याचं ऐकायची. खातेय-पितेय ना? मग राहू दे. फक्त एकटीला पाठवू नकोस, पाय घसरेल." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि तिथेच रडलो.

एकटीला पाठवायचं नाही म्हणून शाळेनंतर इरा आजीबरोबर जायला लागली. इरा पंधरा वर्षांची, कुठलीही गोष्ट मनाविरुद्ध करायला लावली की डोळे फिरवणारी. पण आजीबरोबर विनातक्रार जायची. आजी दगडावर बसायची, ही शेजारी होमवर्क करत. एक दिवस घरी आल्यावर इरा माझ्या मागे मागे करत गॅरेजपर्यंत आली.

"डॅड, व्हॉट इज खोळंबलोय?"

मी म्हटलं, "मीन्स... मला उशीर होतोय, अडकून पडलोय, समबडी इज कीपिंग मी वेटिंग. आजी म्हणाली का तसं?"

"नो. आजी वॉज जस्ट सिटिंग देअर." तिने बॅग खाली ठेवली. "ही सेड इट. आजोबा. ही सेज इट अ लॉट. मी खोळंबलोय, मी खोळंबलोय. डॅड, ही साउंड्स सो टायर्ड." आणि माझी ती उद्धट मुलगी लहान असताना रडायची तशी तोंड वाकडं करून रडायला लागली.

हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. मी 'स्टक आहे' म्हणतो, मृणालही तेच म्हणते. बाबा वापरायचे, पण एसटीबद्दल, तेही आपल्या जुन्या मित्रांशी फोनवर. तिने तो कुठे तरी ऐकला असेल, डोक्यात राहिला असेल. शैलाकाकूंनी पण तेच सांगितलं. मी इराचं जाणं बंद केलं आणि आईचंही. आईने वाद घातला नाही. ती खिडकीशी बसायला लागली आणि जेवण निम्म्यावर आलं. मृणाल म्हणाली, "तू त्यांना तिथून तोडतोयस, हे बरोबर नाही. फुलं काढून टाक ना त्यांच्यादेखत. एकदा त्यांना दिसू दे की तिथे काही नाही." मला पटलं. टेस्टरला पटण्यासारखंच होतं ते.

शेजारच्यांकडे स्विमिंग पूलमधली पानं काढायची लांब दांड्याची जाळी असते, ती मागून घेतली. नोव्हेंबरातला रविवार होता, दुपारची वेळ, लख्ख ऊन. पार्किंगमध्ये लोक कुत्री घेऊन चालले होते. मृणाल आणि इरा घरीच थांबल्या. आईने बाबांचं जाकीट घातलं होतं, तिला ते गुडघ्यापर्यंत येई. मी तिला कडेपासून जरा लांबच्या दगडावर बसवलं आणि जाळी पाण्यात घातली.

फुलं सहज आली. मला वाटलं होतं तेवढं सुद्धा जड गेलं नाही. मी ती जाळीतून काढून ग्रोसरीच्या पिशवीत टाकली. ओली, टवटवीत, हाताला झेंडूचा वास. मी आईला म्हटलं, "झालं बघ. संपलं."

आई पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "आवाज थांबला."

खरंच थांबला होता. वरच्या भिंतीवरून पाणी पडताना दिसत होतं, पण आवाज नव्हता. आणि हौदातलं पाणी वर चढत होतं.

हे मी जमेल तेवढं नीट सांगतो. खालचं टोक उघडं आहे. तिथे दार नाही, फळी नाही, काही नाही, मी आधी शंभर वेळा पाहिलंय. पण पाणी त्या टोकाला येऊन थांबत होतं, आणि थांबून वर वर उभं राहत होतं. त्याच्या पलीकडे कालव्याचं पाणी खाली, नेहमीच्या पातळीला. मध्ये नुसती हवा. भिंतीवरचे दगड एकेक थर करून बुडत गेले. माझ्या हातात जाळी तशीच. मी ओरडलो नाही, पळालो नाही. मला आठवतं, माझ्या मनात आलं की फोन काढून व्हिडिओ घ्यावा, आणि हात उचलवत नव्हता.

पाणी माझ्या बुटांच्या पातळीला आलं आणि स्थिर झालं. आई उठली. तिचे गुडघे दुखायचे, उठताना तिला हात द्यावा लागायचा. पण एकटी उठली, ताडकन. चेहरा... तिचा तसा चेहरा मी बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. गावाला जायला निघताना सगळं आवरून, कुलूप लावून झाल्यावर असायचा तसा. ती त्या खालच्या टोकाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "अहो, थांबा! आले, आले मी!" आणि पाऊल टाकलं.

मी जाळी टाकून झेप घेतली. जाकिटाचं हूड हातात आलं, मग खांदा. एक पाय तिचा पाण्यात गेला होता. ती माझ्या हातातून सुटायला धडपडत होती. ती काही धिप्पाड बाई नव्हती, एवढीशी होती माझी आई, पण मला तिला ओढताना सगळा जोर लावावा लागला. दोघं मागे गवतावर पडलो. तेवढ्यात पाणी एकदम खाली गेलं. हळू नाही, दार उघडल्यावर जातं तसं, भस्सकन. मग तो नळासारखा आवाज परत सुरू झाला. मागून एक सायकलवाला आला, "यू गाईज ओके?" विचारून थांबला. मी म्हटलं, शी स्लिप्ड.

त्यानंतर मी एक फोटो काढला, तो अजून फोनमध्ये आहे. दोन्ही भिंतींचे दगड अगदी वरपर्यंत ओले. तुम्हाला दाखवला तर तुम्ही म्हणाल, पाऊस पडून गेला असेल. मी पण तेच म्हटलं असतं.

आईला गाडीत बसवलं. एक चप्पल पाण्यात गेली होती, तो पाय तिने दुसऱ्या पायावर चोळत धरला होता. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "सुटले होते रे ते. दार उघडलं होतं. माझ्यासाठी थांबले, आणि तू मला धरलंस."

"मग काय सोडू तुला?" मी ओरडलो. गाडी बाजूला घेतली आणि ओरडलो. "बाबा गेले, आता तू पण जा, आणि मी काय करू?"

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तुझं चुकलं नाही. कुणीही धरलं असतं." एवढंच. ह्याच्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. तसं बघितलं तर कशावरच बोलली नाही.

मी तिचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं आणि स्वतः तिला कराडला सोडून आलो. बाबांची उरलेली अर्धी राख आम्ही बरोबर नेली होती. मी म्हटलं संगमावर जाऊन येऊ. तिने ऐकलं नाही. "इतक्यात नको," म्हणाली आणि डबा देवघराखालच्या कप्प्यात ठेवला. मावशी, तिची धाकटी बहीण, तिच्याकडे राहायला आली. मी रोज फोन करायचो. आई 'हं' म्हणायची, 'जेवले' म्हणायची, फोन मावशीकडे द्यायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मार्चमध्ये ती गेली. मावशी म्हणते, दुपारी जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही.

मी पोचेपर्यंत दहन झालं होतं. मावशीने मला आत बोलावून दार लावलं. म्हणाली, "अक्का सारखी एकच सांगायची. माझं जे काही असेल ते तिकडं न्यायला सांग नितीनला, ह्यांना जिथं सोडलंय तिथं. इथं सोडू नका म्हणायची. तू बघ बाबा काय ते."

मी रात्रभर जागा होतो. लॉकचं ते पाणी डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, आणि त्या पाण्यात आईला सोडायची माझी हिंमत होईना. माझ्या मनाने घेतलं होतं की ती जागा माणसाला धरून ठेवते. बाबांना धरलं, आता आईला पण धरेल, आणि मी रोज पुलावरून ऑफिसला जाताना दोघं तिथे... नाही. शिवाय मला वाटलं, आपण बाबांना अर्धं-अर्धं केलं तेच नडलं. आता अर्धं काही करायचं नाही. इथे मोकळी नदी आहे, आईची माहेरची, सासरची, जन्मभराची. बाबांचा अर्धा डबा आहे. दोघांना एकत्र सोडू, सगळंच्या सगळं, आणि दोघं मार्गाला लागतील. सकाळी संगमावर गेलो. आईची सगळी रक्षा आणि बाबांचा डबा, दोन्ही एकाच वेळी पाण्यात रिकामं केलं. नावाडी म्हणाला, पाण्याला ओढ चांगली आहे. क्षणात सगळं दिसेनासं झालं. मला खूप दिवसांनी शांत वाटलं, हे मी लपवत नाही. मुठीएवढंही मागे ठेवलं नाही. ते मुद्दाम सांगतोय.

ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मृणाल म्हणते, दुःखात आपण सगळेच थोडे सरकलो होतो. शैलाकाकू अजून त्याला ग्रीफ म्हणतात, आणि मला एका थेरपिस्टचा नंबर दिलाय, मी जातो पण त्याच्याकडे. पाणी कसं उभं राहिलं, इराला तो शब्द कुणी शिकवला, फुलं का सुकली नाहीत... मी नेहमीसारखं पुन्हा करून बघायचा प्रयत्न केला नाही. जे झालं ते मला आता सिद्धही करायचं नाही आणि खोटंही पाडायचं नाही. ज्यांना इथे काही सुचवायचंय त्यांनी जरूर सुचवा. फक्त विधी सुचवू नका. आईचं आता माझ्याकडे काहीच उरलेलं नाही, तिथे न्यायला.

एप्रिलमध्ये, इकडे परत आल्यावर पहिल्याच रविवारी, मी लॉकवर गेलो होतो. मला नुसतं बघायचं होतं की सगळं संपलंय. सकाळचे दहा वाजले असतील. झाडांना पालवी आली होती, एक बाई बाबागाडी ढकलत गेली, तिने मला गुड मॉर्निंग केलं. पाणी आपलं नेहमीसारखं पडत होतं. मी बाबांच्या दगडावर बसलो. मला आजवर काही ऐकू आलं नव्हतं, आईला आलं, इराला आलं, मला कधीच नाही.

बाबा म्हणाले, "आलास? ही कुठाय रे?"

अगदी शेजारून. घाई नाही, राग नाही. दारात बूट घालून उभे असताना विचारायचे तसं. मी इकडेतिकडे बघितलं नाही. मला कळलं की तो आवाज खरा आहे, आणि हेही कळलं की मी काय करून बसलोय. खरं सांगायला हवं होतं. पण चव्वेचाळीस वर्षं बायकोसाठी दारात थांबलेल्या माणसाला मी काय सांगणार होतो — की तिला तुमच्याकडेच यायचं होतं, मीच तिला दुसरीकडे सोडून आलो?

मी म्हटलं, "आवरतेय, बाबा. येईलच इतक्यात."

"बरं," बाबा म्हणाले. "थांबतो मी."

आता दर रविवारी जातो. दर रविवारी विचारतात. मी तेच सांगतो.